यार्देनेच्या काठी तीन दिवस

(वाचनाचा भाग : यहोशवा, अध्याय ३, ओव्या १ ते ६)



शिट्टीमाहून निघून इस्राएल लोक यार्देनेच्या काठी येऊन उतरले. पलीकडे देवाने देऊ केलेला देश, अलीकडे चाळीस वर्षे रानात हिंडून आलेले हे लोक, आणि मध्ये नदी. याच अध्यायात पुढे, पंधराव्या ओवीत, शास्त्रलेखक एक गोष्ट जाता जाता सांगून जातो. ती आपण कृष्णाकाठच्या लोकांनी जरा थांबून वाचण्यासारखी आहे. ते दिवस कापणीचे होते, आणि त्या दिवसांत यार्देनेला पूर असे. आपल्याकडे पूर येतो तो पावसाळ्यात. तिकडे तो हर्मोन डोंगराचे बर्फ वितळून, सातू कापणीस आला म्हणजे येई. पण पूर तो पूरच.

आणि पूर म्हणजे काय हे आपणास पुस्तकातून शिकावे लागत नाही. वाईपासून माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगलीपर्यंत ज्याचे घर नदीच्या अंगास आहे, त्याने घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जाताना मोजलेल्या आहेत. सांगलीस आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांस पोहोचले की इशारा होतो व ४५ फुटांस धोका मानतात. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्याही वर चढले होते. त्या दिवसांत उंचावर जाऊन जे लोक रात्रभर पाण्याकडे पाहत बसले, त्यांस इस्राएल लोकांच्या मनाची स्थिती माझ्यासारख्या उपदेशकापेक्षा अधिक चांगली कळेल.

दुसऱ्या ओवीवरून एवढेच समजते की, तीन दिवस झाल्यावर अंमलदार छावणीतून फिरले. तोवर लोकांनी काय केले ते लिहिलेले नाही. पाणी पाहिले असेल, दुसरे काय करणार! जवळ लेकरे, म्हातारी माणसे, गुरेढोरे, तंबू; आणि समोर ते पाणी. हिशेब करणाऱ्यांनी हिशेब केला असेल आणि तो जुळला नसेल. मग यहोशवाची आज्ञा आली. होड्या जमवा, दोर वळा, पोहणाऱ्यांनी पुढे व्हावे, असे त्याने काही म्हटले नाही. त्याने लोकांस शुद्ध होण्यास सांगितले. कारण जे अद्भुत कार्य व्हावयाचे ते उद्या व्हावयाचे होते, आणि ते करणारा परमेश्वर होता.

येथे कोणी असे समजू नये की, यहोशवा बाहेरच्या तयारीविषयी बेफिकीर होता. पहिल्या अध्यायात त्याने शिधा तयार करण्याचा हुकूम दिला आहे. दुसऱ्यात हेर पाठवून यरीहोची बातमी काढली आहे. तो सेनापती होता व व्यवहार जाणत होता. शिधा झाला, बातमी आली, पाणी पाहून झाले, आणि तरी एक तयारी उरली. ती माणसाच्या आतली होती, आणि ती उद्याच्या आधी व्हावयाची होती.

आपल्या मंडळ्यांत मोठी कामे येत नाहीत असे नाही. बाप्तिस्म्याचा उमेदवार असतो, प्रभुभोजन असते, कापणीचा सण असतो, मुलीचे लग्न ठरते, पंचांची निवडणूक येते, कोणी तरुण उपदेशक पहिल्याने वचन सांगण्यास उभा राहावयाचा असतो, बायबल बाई एखाद्या दुखणाईत घरी जावयाची असते. अशा वेळी आपण तयारी करीत नाही असे कोण म्हणेल? मांडव घालतो, सतरंज्या आणतो, ध्वनिक्षेपक सांगून ठेवतो, चहासाखरेची बेगमी करतो, पाहुण्यांस निरोप धाडतो. ही सर्व कामे चांगली आहेत आणि ती ज्या बहिणी पडद्यामागे राहून करतात त्यांस प्रभू विसरणार नाही. परंतु रात्री दिवा मालवताना आपणांतील किती जण असे म्हणू शकतात की, मांडवाबरोबर मीही तयार झालो?

याविषयी मला मिरजेहून शिकावयास मिळाले, ते सांगतो.

डॉक्टर विल्यम वॉन्लेस हे १८८९ मध्ये या देशात आले. त्यांच्या कामाचा आरंभ सांगलीस झाला आणि पुढे १८९४ मध्ये मिरजेस त्यांचे हॉस्पिटल उघडले. १८९७ पासून तेथे आपल्या देशातील तरुणांस वैद्यकीचे शिक्षण मिळू लागले. सांगली व मिरज यांच्यामधील वानलेसवाडी त्यांच्याच नावाची आहे. त्या काळी आंधळी म्हणून हाताला धरून आणलेली माणसे मोतीबिंदू काढून घेऊन आपल्या पायांनी परत गेली, हे कितीएकांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकले असेल. त्या हॉस्पिटलात एक परिपाठ होता. शस्त्रक्रियेच्या खोलीत सर्व सिद्धता झाली, हात धुऊन झाले, रोगी मेजावर निजविला, की शस्त्र हाती घेण्यापूर्वी देवाची प्रार्थना होत असे. रोगी कोणत्याही धर्माचा असो. मिशनच्या दवाखान्यांतून ही रीत पुष्कळ ठिकाणी होती, पण आमच्या भागातील लोकांच्या मनात ती मिरजेच्या नावाशी जोडलेली आहे.

आता हात धुण्याकडे लक्ष द्या. डॉक्टरांनी हात का धुवावे हे जगास फार उशिरा कळले. व्हिएन्ना शहरातील मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. नवल असे की, डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी अधिक बाया मरत. १८४७ मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने कारण शोधून काढले. विद्यार्थी प्रेते चिरून तेथून सरळ बाळंतिणींकडे येत, आणि त्यांच्या हातांबरोबर मरण येई. ते हात साबणाने धुतलेले असत! पाहणाऱ्यास ते स्वच्छ दिसत. सेमेलवाइसने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने खाली आली. पण पुष्कळ मोठ्या डॉक्टरांस ते पटले नाही. आमच्या हातांनी रोग पसरतो असे म्हणणे त्यांस अपमानाचे वाटले.

त्या डॉक्टरांचा हेतू वाईट होता काय? मुळीच नाही. बरे करावयासच ते धावत येत होते. म्हणूनच ही गोष्ट मला आम्हा पाळक-उपदेशकांविषयी भयंकर वाटते. चांगल्या हेतूने, चांगल्या कामास, धुतल्यासारख्या दिसणाऱ्या हातांनी आम्ही जातो आणि मागे दुखणे ठेवून येतो. स्तोत्रसंहितेच्या चोविसाव्या स्तोत्रात परमेश्वराच्या डोंगरावर कोणी चढावे असा प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरात सर्वांत आधी हातांचा उल्लेख येतो, मग हृदयाचा. दुसरे असे की, शस्त्रक्रिया करणारा रोग्यास म्हणत नाही, ‘तू आधी बरा होऊन ये.’ तो आपले स्वतःचे हात धुतो. आम्ही मात्र बहुतेक तयारी ज्यांस उपदेश करावयाचा त्यांच्याकडून मागतो.

हे मी दुसऱ्यांस शिकविण्याकरिता लिहीत नाही. माझीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सेमिनरीतून बाहेर पडून मला तीन-चार वर्षे झाली होती. कृष्णेच्या खोऱ्यातील एका लहान मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते व आदल्या शनिवारी रात्री तयारीची भक्ती. (ही तयारीची भक्ती आमच्या जुन्या मंडळ्यांची चांगली चाल. कित्येक ठिकाणी ती अजून आहे. कित्येक ठिकाणी रविवारी सकाळी दोन मिनिटांत उरकली जाते.) त्या मंडळीत दोन सख्खे भाऊ होते. धाकट्याचे म्हणणे, थोरला दरसाल बांध कोरतो. थोरल्याचे म्हणणे, बांध होता तेथेच आहे, धाकट्याचे डोळे फिरले आहेत. बोलणेचालणे बंद, बायकांचे पाणी भरणे वेगळ्या वेळी, आणि भक्तीस एक भाऊ या भिंतीला, एक त्या भिंतीला.

त्या दिवशी मी दोन गावे करून शेवटच्या एस. टी. ने तेथे पोहोचलो. गाडीतच मनाशी योजिले की, मत्तय अध्याय ५, ओव्या २३ व २४ यांवर बोलावे. म्हणजे वेदीवर अर्पण ठेवताना भावाची आठवण झाली तर आधी जाऊन समेट करावा, हा प्रभूचा उपदेश. या विषयावर सेमिनरीत मी एक प्रवचन लिहिले होते आणि ते चांगले समजले गेले होते. तेच सांगितले. माझ्या समजुतीप्रमाणे ते चांगले झाले. लोक शांत बसले होते. दोघा भावांनी माना खाली घातल्या होत्या. कंदिलाच्या उजेडात मला वाटले, आज काम झाले.

भक्ती सुटल्यावर थोरला भाऊ मला वाटेला लावावयास दिवा घेऊन आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “पाळकसाहेब, तुमचं आन् त्यांचं बोलनं सुरू झालं का?”

माझ्याबरोबर काम करणारा एक बंधू होता. कामाच्या वाटणीवरून आमचे बिनसले होते आणि आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. सभेत समोरासमोर बसत होतो, प्रार्थना करीत होतो, आणि बोलत नव्हतो. मला वाटत होते की हे आम्हा दोघांवाचून कोणास ठाऊक नाही. त्या शेतकऱ्याच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. घरच्या आजाऱ्याची चौकशी करावी तसे त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही. तो दिवा घेऊन परत गेला व मी अंधारात उभा राहिलो.

पेत्राचेही असेच झाले. गेथशेमाने बागेत प्रभूने त्यास जागे राहून प्रार्थना करावयास सांगितले होते आणि तो निजला. निजलेल्या माणसाने उठल्याबरोबर काय केले? तरवार उपसली. त्यास धैर्य नव्हते असे नाही. शिपायांशी लढण्याची त्याची तयारी होती. पण परीक्षा तरवारीची नव्हती. ती थोड्या वेळाने आली, शेकोटीपाशी, एका दासीच्या प्रश्नाच्या रूपाने, आणि त्या प्रश्नाची त्याची तयारी नव्हती. प्रभू मात्र बागेतून उठला तेव्हा त्याचे लढणे संपले होते. पुढे महायाजकापुढे आणि पिलातापुढे तो इतका शांत कसा, याचे उत्तर त्या एका रात्रीत आहे.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे पंचांस उठवून मी सांगितले की, आज माझ्या हातून प्रभुभोजन होणार नाही. एक आठवडा थांबावे. त्यांस ते आवडले नाही. लांबून माणसे येणार होती, भाकर व द्राक्षरस तयार होता. एका वृद्ध पंचाने स्पष्ट म्हटले की, साहेबांच्या भांडणापायी मंडळी का उपाशी? त्याचे म्हणणे खोटे नव्हते आणि मी योग्य केले की नाही, याविषयी आजही माझी खात्री नाही. मी उपासना केली, प्रभुभोजन केले नाही, आणि सोमवारी त्या बंधूच्या घरी गेलो. त्याने चहा दिला. मी क्षमा मागितली. तो ताबडतोब गळ्यात पडला असे नाही. “बघू,” एवढेच म्हणाला. त्यानंतर वर्षभराने आमचे मन पुरते मोकळे झाले. पण पुढच्या रविवारी भाकर हाती घेताना माझे हात कापत होते, आणि त्यापूर्वी ते कधी कापले नव्हते हे मला तेव्हा कळले.

या गोष्टीतून मला दिसले ते असे की, ज्यास आम्ही कामाची तयारी म्हणतो ती पुष्कळदा विषयाची तयारी असते. ओव्या जमविल्या, दाखले शोधले, गीते निवडली. पण पुराचे पाणी पाहत बसलेल्या लोकांस यहोशवाने नदीचा अभ्यास सांगितला नाही. नदी दुभंगणे हे देवाकडे होते. त्यांच्याकडे होते ते त्यांचे हात, त्यांची वस्त्रे, त्यांच्या तंबूतील भांडणे. आपण बहुधा उलटे करतो. देवाचा भाग आपल्या डोक्यावर घेऊन चिंता करतो, आणि आपला भाग तसाच पडून राहतो.

आता वेळेविषयी. शेतकऱ्यास हे सांगावे लागू नये. मृगाचा पाऊस पडला म्हणून त्याच सांजेस कोणी कुरी धरीत नाही. चिखलात बैलांचे पाय रुततात, कुरी चालत नाही, आणि बळेच पेरले तर बी कुजते. तो वापसा येईपर्यंत थांबतो. माळाचे मुरमाड रान लवकर वापशावर येते. नदीकाठची काळी लवकर दाद देत नाही. माणसांचेही तसेच आहे. कोणी एका रात्रीत देवापुढे मोकळा होतो. कोणास आठवडा लागतो. म्हणून रविवारच्या कामाची आठवण शनिवारी रात्री करणे हे कित्येकांस पुरत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनअखेरीस जे संजीवन झाले त्याची हकीकत पुष्कळांनी ऐकली आहे. पण पंडिता रमाबाईंनी त्या वर्षाच्या आरंभापासूनच स्त्रियांस रोज प्रार्थनेस एकत्र बसविण्यास सुरुवात केली होती, हे थोडे जण सांगतात. पाऊस सर्वांच्या लक्षात राहतो. नांगरट कोणाच्या राहत नाही.

नहेम्याचे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचा. यरुशलेमाचा कोट पडला आहे ही बातमी त्यास शूशन राजवाड्यात किसलेव महिन्यात कळली. राजाशी त्याचे बोलणे झाले ते नीसान महिन्यात. म्हणजे सुमारे चार महिने गेले. तो राजाचा प्यालेबरदार, रोज राजासमोर उभा राहणारा. बोलावयाचे असते तर दुसऱ्याच दिवशी बोलता आले असते. तो उपास व प्रार्थना करीत राहिला, आणि त्या प्रार्थनेत त्याने आपल्या बापाच्या घराण्याचे पाप वेगळे काढून कबूल केले. मग एके दिवशी राजानेच विचारले, तुला काय पाहिजे? दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत राजाचा प्रश्न आणि नहेम्याचे उत्तर यांच्यामध्ये एक प्रार्थना आहे. तिला किती वेळ लागला असेल? एक श्वास. राजास कळलेही नसेल.

कोणी म्हणेल, पाहा, एका श्वासाची प्रार्थना पुरते! पुरते, पण कोणास पुरते? मिरजेचे तंबोरे गवयांत नावाजलेले आहेत. आमच्या भजनाच्या मंडळीतही एक आहे. त्याच्या तारा वर खुंट्यांनी लावतात, आणि खाली तारेत एक लहान मणी असतो, तो किंचित सरकविला की सूर तंतोतंत जुळतो. गाणे चालू असताना गवई तो मणी बोटाने सरकवितो आणि ऐकणाऱ्यास पत्ताही लागत नाही. परंतु खुंटीच जर ढिली असेल, तर मणी कितीही सरकवा! नहेम्याच्या चार महिन्यांनी खुंट्या लागल्या होत्या. म्हणून राजापुढे मणी सरकविणे पुरले. संकटाच्या वेळी मला प्रार्थना सुचत नाही, अशी जी तक्रार आपण करतो तिचे कारण बहुधा त्या संकटाच्या आधीच्या चार महिन्यांत सापडते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आमच्यांत असेही बंधू आहेत की ज्यांची तयारी कधी संपत नाही. साक्ष देण्यास सांगा, अजून मी योग्य नाही. रात्रीच्या शाळेचे काम घ्या म्हणा, अजून प्रार्थना करतो आहे. हा नम्रपणा नव्हे. वापसा येतो तसा जातोही. ऊन तापले, वारा सुटला की रान आवळते आणि मग कुरी वरच्यावर घसरते. इस्राएल लोक यार्देनेच्या काठी तीनच दिवस राहिले, आणि याजकांचे पाय पाण्याला लागले तेव्हा पाणी थांबले, आधी नाही.

नारायण वामन टिळकांचे चरित्र या ठिकाणी मनात येते. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधला काळ त्यांनी वाचण्यात, विचारण्यात व स्वतःशी झगडण्यात घालविला. पत्नी, मूल, जात, आप्त, सर्व समोर दिसत होते. तो काळ कोणास चुकवेगिरीचा वाटेल; मला तो वापशाची वाट पाहण्याचा वाटतो, कारण वेळ आली तेव्हा ते मागे सरले नाहीत. लक्ष्मीबाईंनी त्या दिवसांचे दुःख ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे. एकाच्या तयारीची किंमत घरातील दुसऱ्यास द्यावी लागते, हे त्या पुस्तकाइतके स्पष्ट मला अन्यत्र वाचावयास मिळाले नाही. आणि आम्ही उपदेशकांनी आपल्या बायकामुलांकडे पाहून ते अधूनमधून वाचावे.

पुढे १९१७ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास येऊन देवाचा दरबार स्थापिला. नावाजलेला कवी, मंडळीत मान, सर्व स्थिरस्थावर झालेले. ते सोडून त्यांनी आपल्या लोकांत ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून राहण्याचे ठरविले. आणि त्या कामास किती वेळ मिळाला? ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. पुरती दोन वर्षेही नाहीत. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. व्यवहारी माणूस विचारील की, बावीस वर्षांच्या ख्रिस्ती अनुभवानंतर केलेल्या त्यागाचे फळ एवढेच? मी असे विचारणाऱ्यास नासरेथाकडे बोट दाखवितो. तीस वर्षे सुताराच्या दुकानात, चाळीस दिवस रानात, आणि उघड सेवा सुमारे तीन वर्षे. बारा शिष्य निवडण्याच्या आदल्या रात्री डोंगरावर प्रार्थनेत सबंध रात्र गेली, असे लूक सांगतो; आणि त्या बारांत यहूदा होता. तयारी केली म्हणजे फळ आपल्या मापाने पदरात पडेल, असे वचन कोठेच दिलेले नाही.

तेव्हा कामाच्या आदल्या रात्री काय करावे? मी करतो, किंवा करण्याचा प्रयत्न करतो, ते सांगतो. दिवेलागणीनंतर जो भाग दुसऱ्या दिवशी वाचावयाचा तो आधी स्वतःकरिता वाचतो, प्रवचनाकरिता नव्हे. हे कठीण आहे. मन लगेच मुद्दे काढू लागते. मग ज्यांच्यासमोर उभे राहावयाचे त्यांची नावे एकेक घेतो. आमची मंडळी लहान, नावे घेण्यास वेळ लागत नाही. परंतु एखाद्या नावापाशी जीभ अडखळते. जेथे अडखळते तेथे थांबावे. तेथेच बहुधा न धुतलेला हात असतो. ज्यास वाचता येत नाही त्या बहिणीसही एवढे करता येते; भाकरी थापता थापताही करता येते. आणि घरातील माणसास विचारावे, माझे काही चुकले आहे काय? माझ्या पत्नीने एकदा या प्रश्नास इतके सविस्तर उत्तर दिले की, दुसऱ्या दिवशीचे प्रवचन मला बदलावे लागले.

त्या दोघा भावांचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. सरकारी मोजणी झाली, खुणा घातल्या गेल्या, आणि भांडण कागदावर मिटले. थोरला आता प्रभूकडे गेला आहे. त्याचा मुलगा आणि त्याचा चुलता यांच्यामध्ये तोच बांध आहे. मंडळीच्या पंचांनी मला येत्या शनिवारी तयारीच्या भक्तीस बोलाविले आहे, व दोघेही घरी बसून बोलण्यास कबूल झाले आहेत. वाचकांनी त्या रात्री त्या घराची प्रार्थनेत आठवण करावी. माझीही करावी. या वेळी नावे घेताना एका नावापाशी माझी जीभ अडखळली आहे. त्या बंधूस पत्र लिहावयाचे आहे, आणि ते शनिवारच्या आधी टपालात पडले पाहिजे.